शिडी धरणारा नोकर

२ मार्च १६७९ रोजी, पोप अकरावे इनोसंट यांच्या कारकिर्दीत, रोमहून एक यादी प्रसिद्ध झाली. त्या काळातले काही नीतिशास्त्री पापाची व्याख्या फारच सैल करत चालले होते, म्हणून त्यांची ६५ विधानं चर्चनं चुकीची ठरवली. त्यातलं ५१वं विधान एका नोकराबद्दल आहे. मालकाला खिडकीतून दुसऱ्याच्या घरात शिरून तिथल्या मुलीची अब्रू घ्यायची आहे. नोकर शिडी आणतो, खांदा देतो, दार उघडून देतो. मुलीला तो हातही लावत नाही, आणि हे सगळं करतो ते भीतीपोटी: नाही म्हटलं तर मालक छळेल, डोळे वटारेल, कामावरून काढेल. काही पंडितांचं म्हणणं होतं की अशा वेळी नोकराच्या माथी मोठं पाप लागत नाही. चर्चनं सांगितलं, लागतं.

अमेरिकेचं सरकार परदेशातल्या आरोग्य संस्थांना पैसे देतं, त्यातल्या काही संस्था गर्भपाताशी संबंधित काम करतात, आणि यावरून तिथले ख्रिस्ती लोक पन्नास वर्षं झगडताहेत. आपल्याकडे ही बातमी दोन ओळींत येते, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं, गर्भपात हवा की नको एवढाच हा वाद आहे. तो वाद आहेच. पण परदेशी मदतीचा विषय निघाला की त्याच्या पोटात हा शिडीचा प्रश्न असतो: एखादी गोष्ट मला पाप वाटते, ती मी स्वतः करत नाही, पण ती करणाऱ्याला माझा पैसा पोचतो. मग माझा दोष किती? मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले. आईच्या पोटातला जीव हा जीवच आहे असं मी आजही मानते. तरीही या वादात जे काही घडलं आहे त्यातलं बरंच मला पटत नाही. का, ते नीट सांगायचं तर आधी कायदा समजून घ्यावा लागेल.

तीन वेगळे नियम आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची कायम सरमिसळ होते.

पहिला १९७३चा. त्या वर्षी २२ जानेवारीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य केला आणि डिसेंबरात नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर जेसी हेल्म्स यांच्या पुढाकारानं परराष्ट्र मदतीच्या कायद्यात एक कलम घातलं गेलं. कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून केलेल्या गर्भपाताचा खर्च अमेरिकी मदतीतून करायचा नाही, आणि गर्भपातासाठी कोणाला उद्युक्त किंवा सक्तीही करायची नाही. हे कलम तेव्हापासून आजतागायत लागू आहे, राष्ट्राध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो. म्हणजे ‘अमेरिकी करदात्याच्या पैशानं परदेशात गर्भपात होतात’ हे वाक्य ऐकलं, तर १९७३ पासून कायद्यानं त्याला बंदी आहे हे आधी लक्षात ठेवावं. उलट प्रत्यक्षात हे कलम शब्दांपेक्षा कडक पाळलं गेलं. बलात्कारातून राहिलेला गर्भ ‘कुटुंबनियोजना’त बसत नाही, तरी तशा प्रसंगीही अमेरिकेनं पैसे दिले नाहीत.

दुसरा नियम १९८४चा. त्या ऑगस्टमध्ये मेक्सिको सिटीत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली होती. रोनाल्ड रेगन यांच्या सरकारनं तिथे जाहीर केलं की जी परदेशी स्वयंसेवी संस्था कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून गर्भपात करते किंवा त्याचा पुरस्कार करते, तिला अमेरिकेचा कुटुंबनियोजनाचा निधी मिळणार नाही. इथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. गर्भपाताचं काम संस्था स्वतःच्या पैशातून करत असेल, दुसऱ्या देशाच्या देणगीतून करत असेल, त्या देशात ते पूर्ण कायदेशीर असेल, तरीही ही अट लागू होते. बाईला ‘हाही एक मार्ग आहे’ असं आपणहून सांगणं चालत नाही, दुसऱ्या दवाखान्यात पाठवणं चालत नाही, कायदा बदला म्हणून सरकारकडे मागणी करणं चालत नाही. विरोधक म्हणूनच याला ‘ग्लोबल गॅग रूल’, म्हणजे जगभरची तोंडबंदी म्हणतात. पुरस्कर्ते ‘मेक्सिको सिटी धोरण’ म्हणतात.

अपवादही आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, आईच्या जिवाला धोका, एवढ्या प्रसंगी ही अट आड येत नाही. कुठेतरी चोरून गर्भपात करून रक्तस्राव होत आलेल्या बाईवर उपचार करता येतात. आणि २००१च्या नियमांत एक जागा अशी आहे की ती वाचताना मी थांबले. बाई आधीच गरोदर असेल, कायदेशीर गर्भपात करायचा तिचा निर्णय झाला आहे असं तिनं स्पष्ट सांगितलं असेल, सुरक्षित ठिकाण कुठे आहे असं तिनंच विचारलं असेल, आणि त्या देशातल्या वैद्यकीय नीतीप्रमाणे उत्तर देणं भाग आहे असं समुपदेशकाला वाटत असेल, तर पत्ता सांगणं हा पुरस्कार मानायचा नाही. खेड्यातल्या केंद्रावर बसलेल्या नर्सनं समोरच्या रडणाऱ्या बाईकडे बघत हे सगळं मनात ताडून पाहायचं. अर्थात बहुतेक ठिकाणी नर्सा गप्पच बसणार. एका चुकीच्या शब्दानं संस्थेचा निधी जाणार असेल तर कोण बोलेल?

तिसरा नियम १९८५चा. सक्तीच्या गर्भपाताच्या किंवा सक्तीच्या नसबंदीच्या कार्यक्रमात सामील असलेल्या संस्थेला मदत नाही. त्यामागे चीनचं एक मूल धोरण होतं आणि याच्या आधारे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचे पैसे अनेक वर्षं अडवले गेले. लोकसंख्या निधीचा त्या सक्तीत किती हात होता यावर मतभेद आहेत, पण तत्त्वाबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. लोकसंख्येच्या नावाखाली माणसाच्या शरीरावर सरकार कसं चालून येतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तर खरा वाद मधल्या नियमाचा. तो राष्ट्राध्यक्षांच्या सहीनं येतो आणि सहीनं जातो. क्लिंटन यांनी २२ जानेवारी १९९३ रोजी काढला, धाकट्या बुशनी २२ जानेवारी २००१ रोजी परत आणला, ओबामांनी २००९ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २०१७ मध्ये आणला, बायडन यांनी २०२१ मध्ये काढला, ट्रम्प यांनी २४ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा आणला. २०१७ला तो नुसता परतला नाही, पसरला. आधी तो वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलरच्या कुटुंबनियोजन निधीपुरता होता; ट्रम्प यांनी तो एड्स, मलेरिया, क्षयरोग, बालआरोग्य धरून सुमारे ८८० कोटी डॉलरच्या सगळ्या आरोग्य मदतीला लावला.

या कथेत आपला देश दोनदा येतो. नियम न मानता निधी सोडणारी सगळ्यात मोठी संस्था म्हणजे इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहूड फेडरेशन, कुटुंबनियोजनाची जागतिक संघटना. तिचा जन्म १९५२ साली मुंबईच्या परिषदेत झाला, भारतातल्या धनवंती रामा राव आणि अमेरिकेतल्या मार्गारेट सँगर या कुटुंबनियोजनाच्या पुरस्कर्त्यांच्या पुढाकारानं. आणि या नियमाविरुद्ध वॉशिंग्टनच्या न्यायालयात जो खटला गेला, त्यात अमेरिकेच्या डीकेटी मेमोरियल फंडाबरोबर दिल्लीची परिवार सेवा संस्थाही वादी होती. १९८९ मध्ये अपील न्यायालयात ते हरले. परदेशी संस्थांना अमेरिकी राज्यघटनेच्या भाषणस्वातंत्र्याचा आधार घेता येत नाही, आणि पैसा कोणाला द्यायचा हे सरकार ठरवू शकतं. अमेरिकेतल्या संस्थेवर हीच अट सरकारला इतक्या सहज लादता आली नसती. दिल्लीतल्या किंवा काठमांडूतल्या संस्थेवर लादता येते.

काठमांडूचं नाव उगाच घेतलं नाही. नेपाळात २००२ पर्यंत गर्भपातासाठी बायका तुरुंगात होत्या, त्यात मूल पडलेल्या, बलात्कार झालेल्याही. तिथल्या कुटुंबनियोजन संघटनेला कायदा बदलण्याच्या चर्चेत भाग घ्यायचा होता. अमेरिकेची अट मान्य केली असती तर तोंड बंद ठेवावं लागलं असतं. त्यांनी निधी नाकारला.

आता धर्माकडे वळू. ‘ख्रिस्ती नीती’ म्हणताना एकच एक मत डोळ्यांसमोर आणू नये.

गर्भपाताला विरोध जुना आहे, राजकारणातून उगवलेला नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘डिडाखे’ या उपदेशसंग्रहातच तो मना केला आहे. साधारण १९७ साली तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहितो की जो माणूस होणार आहे तो माणूसच. स्तोत्रसंहितेतलं १३९वं स्तोत्र आईच्या उदरात देव मला घडवत होता असं गातं, आणि गरोदर बाईच्या तोंडी ते ऐकलं की कोणाचंही मन हलतं. पण त्याच परंपरेत संत ऑगस्टीन घडलेला गर्भ आणि न घडलेला गर्भ असा फरक करतात. संत थॉमस अक्वायनस तर ॲरिस्टॉटलच्या मागून जाऊन मानतात की गर्भात मानवी आत्मा काही काळानं येतो. त्याआधीचा गर्भपातही पापच, पण मनुष्यहत्या नव्हे. हा फरक कॅथलिक चर्चच्या शिक्षेच्या नियमांतून १८६९ मध्ये पोप नववे पायस यांनी काढून टाकला. प्रॉटेस्टंटांत तर आणखी वळणं. अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट संघ, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, यानं १९७१ मध्ये ठराव केला होता की बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याचा धोका अशा कारणांसाठी कायद्यानं गर्भपाताला वाव द्यावा. आज तोच संघ कट्टर विरोधात आहे.

मराठी ख्रिस्ती समाजातही ही फट आहे, फक्त आपण तिच्याकडे बघत नाही. वसईचे आम्ही रोमच्या शिकवणीत वाढलो. अहिल्यानगरच्या मंडळ्या उभ्या केल्या त्या अमेरिकन मराठी मिशननं, आणि ते मिशन पाठवणारी न्यू इंग्लंडमधली चर्चेस पुढे ज्या युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये सामील झाली, ते चर्च १९७१ पासून गर्भपाताच्या कायदेशीर हक्काच्या बाजूनं उभं आहे. एकाच मराठी बायबलवर वाढलेली दोन घरं, पण त्यांची अमेरिकेतली आणि रोममधली वडीलधारी माणसं एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना.

शिडीच्या प्रश्नावर मात्र सगळ्यांत जास्त विचार कॅथलिकांनी केला आहे. अठराव्या शतकात नेपल्सचे संत अल्फोन्सस लिगोरी यांनी, जे पाद्री होण्याआधी वकील होते, त्याची मांडणी केली. दुसऱ्याच्या पापात तुम्ही मनानं सामील असाल, म्हणजे ते पाप व्हावं असं तुम्हालाही वाटत असेल, तर तुमच्या हातून केवढंही छोटं काम झालेलं असो, दोष आहेच. मन सामील नाही, नुसता हातभार लागतो आहे, तर पुढचे प्रश्न विचारायचे. हातभार किती जवळचा? तुमच्याशिवाय ते झालं असतं का? आणि हात काढून घेतला तर कोणाचं काय नुकसान होईल? नोकर खिडकीखाली शिडी धरून उभा आहे, ते फार जवळचं आहे आणि धाक क्षुल्लक आहे, म्हणून तो सुटत नाही. ती शिडी बनवणारा सुतार सुटतो.

करदाता या मोजपट्टीवर कुठे बसतो? येशूला कराबद्दल विचारलं तेव्हा त्यानं नाणं मागितलं आणि कैसराचं ते कैसराला, देवाचं ते देवाला द्या असं सांगितलं. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौलही कर भरायला सांगतो, आणि तो कर ज्या साम्राज्याला जात होता ते मूर्तींच्या देवळांवर आणि सैन्यावर खर्च करत होतं. म्हणजे बहुतेकांच्या मते कर हा फार लांबचा हातभार. सगळ्यांना हे पटलं असं नाही. १७५५ मध्ये न्यू जर्सीचे जॉन वुलमन यांच्यासोबत पेनसिल्व्हेनियातल्या काही क्वेकरांनी (हा युद्धविरोधी ख्रिस्ती पंथ) युद्धासाठी लावलेला कर भरायला नकार दिला. माझ्या पैशानं कोणी मरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. गर्भपाताचे विरोधक आज तेच म्हणतात, आणि मला त्यांचं हे दुखणं खोटं वाटत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये मदर तेरेसा वॉशिंग्टनच्या प्रार्थना-न्याहारीला क्लिंटन यांच्यासमोर उभ्या राहून गर्भपाताविरुद्ध बोलल्या. वर्षभरापूर्वीच क्लिंटन यांनी १९८४चा नियम काढून टाकला होता. मदरनी त्याच भाषणात नको असलेली मुलं मला द्या, मी सांभाळते, असंही सांगितलं. विरोध करायचा तर त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेऊन.

हेल्म्सचं कलम असतानाही १९८४चा नियम कशासाठी, याचं उत्तर पैशाच्या स्वभावात आहे. समजा तुमचा भाऊ पितो. तुम्ही त्याच्या घरात किराणा भरता. दारूला एक रुपया देत नाही. पण किराणा भरल्यामुळे त्याच्या पगारातले पैसे सुटतात आणि गुत्त्यावर जातात. अमेरिकेनं संस्थेला गर्भनिरोधक तांब्या (कॉपर-टी) आणि गोळ्या दिल्या की संस्थेचे स्वतःचे पैसे मोकळे होतात आणि गर्भपाताकडे वळतात, असा हा युक्तिवाद. (गर्भपात करणारी बाई आणि दारुडा यांची तुलना मला करायची नाही. हिशोब कळावा एवढ्यापुरतंच हे उदाहरण.) तो चुकीचा नाही. पण त्याच उदाहरणात पुढे जा. किराणा बंद केला तर भाऊ पिणं सोडतो का? आणि घरात पोरं असतात ना. लिगोरींचा तिसरा प्रश्न इथे उभा राहतो: हात काढून घेतल्यावर कोणाचं काय होतं?

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा अभ्यास आला. सहाराच्या दक्षिणेकडचे २६ आफ्रिकी देश, १९९५ ते २०१४. नियम लागू असताना, अमेरिकी मदतीवर जास्त अवलंबून असलेल्या देशांत आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर इतरांच्या तुलनेत सुमारे १४ टक्क्यांनी घटला आणि गर्भपात सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. नियम उठल्यावर चित्र उलटं फिरलं. कारण सरळ आहे. ज्या संस्थांनी या अटीवर सही केली नाही, त्याच खेड्यापाड्यांत गोळ्या आणि तांब्या पोचवत होत्या.

दुसरी बाजू याला दोन उत्तरं देते. एक आकड्याचं: अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०२० मध्ये तपासलं तेव्हा १,३००हून अधिक करारांपैकी ५४ ठिकाणीच नकार आला होता, एकूण सुमारे १५ कोटी ३० लाख डॉलरचा. म्हणजे बहुतेकांनी सही केली, काम चालू राहिलं. हे खरं आहे, पण नकार देणाऱ्या थोड्या संस्थाच कुटुंबनियोजनात सर्वांत अनुभवी होत्या. दुसरं उत्तर तत्त्वाचं आणि जास्त वजनदार: परिणाम चांगला व्हावा म्हणून वाईटाला हात लावू नये, असं पौलच सांगतो. कॅथलिक शिकवणीत तर गोळ्या आणि तांब्याही वर्ज्य आहेत, १९६८च्या ‘ह्युमाने विते’ या परिपत्रकानं ते ठामपणे सांगितलं. त्यामुळे गर्भनिरोधकांचा वापर घटला हे कट्टर कॅथलिकाला नुकसान वाटणारच नाही. माझ्या ओळखीतल्या बायकांच्या आयुष्याकडे बघून मला ते वाटतं, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. आणि पौलाचं वचन मला इथे लागू पडत नाही, कारण वाईटाला हात लावायला कोणी सांगतच नाही. माझ्या पैशानं गर्भपात नको, ही विवेकाची मागणी हेल्म्सच्या कलमानं पुरी होते. तिथपर्यंत मी त्यांच्याबरोबर आहे. त्यापुढे जाऊन दुसऱ्याच्या पैशावर, दुसऱ्याच्या देशातल्या कायद्यावर आणि नर्सच्या जिभेवर अट घालायची, आणि त्यातून गर्भपात वाढले तरी हात आमचे स्वच्छ म्हणायचं, हे मला शिडी सोडून पळण्यासारखं वाटतं. वर कोणीतरी लटकलेलं असतं.

एड्सच्या कार्यक्रमानं हा पेच सगळ्यात उघडा केला. २००३ मध्ये बुशनी, स्वतःच्या ख्रिस्ती श्रद्धेतून, ‘पेपफार’ हा परदेशातल्या एड्सग्रस्तांसाठीचा मदत कार्यक्रम सुरू केला. अमेरिकी सरकारच्या हिशोबानं त्यानं अडीच कोटी जीव वाचवले. बुश गर्भपाताचे पक्के विरोधक, पण त्यांनी एड्सच्या पैशाला मेक्सिको सिटीची अट लावली नाही. २०२३ मध्ये न्यू जर्सीचे कॅथलिक खासदार ख्रिस स्मिथ यांनी, जे एकेकाळी याच कार्यक्रमाचे पाठीराखे होते, पाच वर्षांची मुदतवाढ अडवून धरली. या पैशातून गर्भपात करणाऱ्या संस्था पोसल्या जातात अशी त्यांची शंका. शेवटी २०२४ मध्ये एकाच वर्षाची मुदत मिळाली. पुढच्या जानेवारीत अमेरिकी अधिकाऱ्यांनी कबूल केलं की मोझांबिकमध्ये या निधीतून पगार घेणाऱ्या चार नर्सांनी २०२१ पासून २१ गर्भपात केले होते. त्या देशात ते कायदेशीर होते, अमेरिकी नियमाप्रमाणे नव्हते. शंका अगदीच निराधार नव्हती तर. चूक झाली, ती शोधली गेली, थांबवता आली, आणि तीही हेल्म्सच्याच कलमाखाली. एका पारड्यात ते २१ गर्भ, आणि मी त्यांना शून्य धरत नाही. दुसऱ्यात रोज गोळी घेऊन जगणारी माणसं.

१ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही मदत वाटणारी संस्थाच औपचारिकपणे बंद झाली. त्याच महिन्यात बातमी आली की बेल्जियमच्या एका गोदामात तिनं विकत घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं पडून आहेत, गोळ्या, इंजेक्शनं, इंप्लांट, तांब्या, बहुतेक टांझानिया, केनिया, झांबियासारख्या देशांसाठी, आणि सरकारनं ती जाळून टाकायचं ठरवलं आहे. सरकारी निवेदनात त्यांना गर्भपात घडवणारी साधनं म्हटलं होतं. मुंबईत जन्मलेल्या त्या फेडरेशननं, आणि इतर संस्थांनीही, माल आमच्याकडे द्या, आम्ही आमच्या खर्चानं नेऊन वाटतो, असं कळवलं. अमेरिकेनं नकार दिला.